पीओपीवरचे मत आणि पाण्याचा हिशेब

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात रसायनशास्त्राच्या एखाद्या प्रश्नावर घरोघर मत तयार असेल, तर तो प्रश्न गणपतीची मूर्ती कशाची असावी हा आहे. पीओपी म्हणजे विष आणि शाडू म्हणजे पर्यावरण, असे एका बाजूचे लोक ठणकावून सांगतात. कारखान्यांचे सांडपाणी वर्षभर चालते, मग दहा दिवसांचा गणपतीच तेवढा डोळ्यांत कसा खुपतो, असे दुसरी बाजू विचारते. दोन्हींत तथ्याचा अंश आहे आणि दोन्हींत एकच उणीव आहे. वस्तूवर निकाल देऊन टाकायचा आणि ती वस्तू कुठून येते, कोणाच्या हातून जाते, शेवटी कुठे पडते हे विचारायचेच नाही, ही ती उणीव. नवे तंत्रज्ञान असो, औषध असो की एआय, त्याची बातमी आली की आपण असेच मत बनवतो. माझे म्हणणे असे आहे, की तंत्रज्ञानाचे भलेबुरे एकट्या वस्तूवर ठरत नाही. ती वस्तू घडवण्यापासून तिची विल्हेवाट लागेपर्यंतच्या सगळ्या साखळीवर ते ठरते, आणि मत द्यायचे तर त्या साखळीवर दिले पाहिजे. हे तपासून पाहायला रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

पेण शहर आणि हमरापूर, जोहे यांसारखी आसपासची गावे गणेशमूर्तींवर जगतात. शेकडो कारखान्यांतून दरवर्षी लाखो मूर्ती मुंबई-पुण्याला, परराज्यांत आणि परदेशांतही जातात. हा धंदा मुळात शाडूच्या मातीवर उभा राहिला आणि नंतर प्लास्टर ऑफ पॅरिसकडे, म्हणजे पीओपीकडे, वळला. मूर्तिकारांच्या हव्यासामुळे हे घडले असे म्हणणे सोपे आहे, पण कारखान्यातले काम पाहिले की कारण वेगळे दिसते. शाडू भिजवावी लागते, मळावी लागते, साच्यात हाताने दाबून बसवावी लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती वाळायला दिवसच्या दिवस लागतात. ही मूर्ती जड असते आणि ट्रकच्या प्रवासात हात-कान दुखावण्याची धास्ती असते. पीओपीचा पातळ लगदा रबरी साच्यात फिरवला, आत आधाराला काथ्या लावला की काही मिनिटांत तो घट्ट होतो. घट्ट होताना तो किंचित फुगतो, म्हणून साच्यातली दागिन्यांची नक्षी जशीच्या तशी उठते. मूर्ती पोकळ आणि हलकी होते. त्यामुळे वर्षभर काम चालते, गावातल्या बायकांना रंगकामाची मजुरी मिळते, आणि डोळ्यांची आखणी करणारा कसबी कारागीर एका हंगामात कितीतरी जास्त मूर्ती हातावेगळ्या करतो. गिऱ्हाइकाला उंच, चकचकीत आणि स्वस्त मूर्ती हवी होती. पीओपीने ती मागणी भागवली. साखळीचे हे पहिले टोक धरल्याशिवाय पेणच्या मूर्तिकाराला दोष देणे अन्यायाचे आहे.

आता पाण्याचा हिशेब मांडू. जिप्सम नावाचे खनिज साधारण दीडशे अंशांना तापवले की त्यातले पाऊण पाणी उडून जाते आणि पीओपीची पूड मिळते. त्यात पाणी घातले की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. म्हणजे विसर्जनाच्या वेळी आपण पाण्यात सोडतो ते रसायनाच्या दृष्टीने जिप्सम असते. जिप्सम पाण्यात मुळीच विरघळत नाही, हा समज चुकीचा आहे. एका लिटर पाण्यात ते सुमारे दोन ग्रॅम विरघळते. या हिशेबाने दहा किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला किमान पाच हजार लिटर पाणी लागेल, तेही ढवळले जात असेल तर. मूर्तीवर रंगाचे थर असतात आणि साचलेले पाणी हलत नाही, म्हणून प्रत्यक्षात तिला महिने लागतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट निसर्गतःच असते, त्यामुळे खोल समुद्राचे रसायन जिप्समने फारसे बदलत नाही. गावच्या तळ्याची गोष्ट निराळी आहे. तिथे पाण्याचा जडपणा वाढतो, तळाशी न विरघळलेला साका बसतो, आणि प्राणवायू संपलेल्या गाळात काही जिवाणू त्याच सल्फेटपासून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तोच पदार्थ एका पाण्यात जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसऱ्या पाण्यात उपद्रवी ठरतो. ‘पीओपी वाईट’ किंवा ‘पीओपी चालते’ ही दोन्ही वाक्ये म्हणूनच अर्धी आहेत. किती आणि कुठे, हे जोडल्याशिवाय ती पूर्ण होत नाहीत.

हाच न्याय शाडूला लावला पाहिजे. शाडूही पाण्यात विरघळत नाही. ती सुटी होते, पसरते आणि गाळ होऊन तळाशी बसते. वाहत्या मोठ्या पाण्यात याने बिघडत नाही, पण लहान तळ्यात वर्षानुवर्षे शेकडो मूर्ती पडल्या तर तळे उथळ होते. पेणमध्ये वापरली जाणारी बरीचशी शाडू गुजरातमधून येते, तेव्हा तीही कुठल्यातरी जमिनीतून खणलेली असते. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रंगाची. पाण्यातल्या जिवांना मोठा धोका शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा अशा जड धातूंचे रंग आणि तैलरंग यांच्यापासून असतो, आणि तो रंग शाडूच्या मूर्तीलाही तितक्याच सहज लावता येतो. शाडूची मूर्ती म्हणून आणली आणि ती चमकत्या तैलरंगाने माखलेली असली, तर घेणाऱ्याच्या मनाला समाधान लाभते, तळ्यातल्या माशांना मात्र काही लाभत नाही. शाडूची खरी जमेची बाजू फारशी कोणी सांगत नाही. भिजलेली शाडू गाळून, वाळवून पुन्हा मूर्तीसाठी वापरता येते. विसर्जनानंतरची माती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचे उपक्रम पुण्यात झालेही आहेत. घट्ट बसलेल्या पीओपीला असा सोपा परतीचा रस्ता नाही. शाडूचे समर्थन करायचे ते या कारणासाठी करावे, आणि तिच्या परतीची सोय प्रत्यक्षात उभी राहत असेल तर करावे.

धोरणाचा प्रवास पाहिला तर तोही हळूहळू वस्तूकडून वाटेकडे सरकलेला दिसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना २०१० मध्ये दिल्या आणि मे २०२० मध्ये सुधारून पीओपीच्या मूर्तींवर बंदी सुचवली. त्यानंतर काही वर्षे अंमलबजावणीची चालढकल झाली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सूचना काटेकोर पाळण्याचा आदेश दिला, आणि कांदिवलीतल्या काही मंडळांच्या माघी गणपतीच्या उंच मूर्ती विसर्जनाविना महिनोन्‌महिने झाकून ठेवाव्या लागल्या. दरम्यान डॉ. अनिल काकोडकर यांच्या नेतृत्वाखालच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने अभ्यास करून शिफारशी दिल्या, केंद्रीय मंडळाच्या तज्ज्ञ समितीने त्यांवर विचार केला, आणि ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडवायला व विकायला वाट मोकळी केली. नैसर्गिक जलस्रोतांत परवानगीविना विसर्जन नको, ही अट मात्र कायम राहिली. २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांत आणि त्याहून उंच मूर्ती मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक पाण्यात सोडण्याची व्यवस्था झाली. या सगळ्यावर ‘बंदी आली’ आणि ‘बंदी उठली’ एवढीच चर्चा रंगली. प्रत्यक्षात प्रश्नच बदलला होता. मूर्ती कशाची, यावरून तो मूर्ती जाते कुठे, इथवर आला होता, आणि हा बदल शास्त्राच्या दृष्टीने योग्य दिशेचा होता.

योग्य दिशा म्हणजे मुक्काम गाठला असे नाही. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा कृत्रिम तलाव धरला तर त्यात ५० हजार लिटर पाणी मावते. वरच्या हिशेबाने दहा किलोच्या दहाच मूर्तींनी ते पाणी जिप्समने भरून जाईल. अकराव्या मूर्तीपासून पुढे विरघळायला वावच उरत नाही. म्हणजे कृत्रिम तलाव ही मूर्ती विरघळण्याची जागा नाहीच. ती मूर्ती गोळा करण्याची जागा आहे, आणि गोळा केलेल्या मूर्तींचे पुढे काय होते यावर सगळे अवलंबून आहे. त्या रात्रीच्या अंधारात खाडीत नेऊन टाकल्या, तर तलाव खणून उपयोग शून्य. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक चांगला उपाय काढला. बेकरीत वापरले जाणारे अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात मिसळून मूर्ती बादलीत ठेवली की साधारण दोन दिवसांत ती उतरते. जिप्सम आणि बायकार्बोनेट यांच्या क्रियेतून तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट राहते, जे खत आहे. ही बातमी ‘आता प्रश्न सुटला’ अशा थाटात घरोघर फिरली. पण इथेही हिशेब सुटत नाही. मूर्तीच्या वजनाइतकीच जवळजवळ पावडर लागते, आणि दहा किलोच्या मूर्तीतून साडेसात किलोंच्या आसपास अमोनियम सल्फेट तयार होते. ते पातळ करून शेताला, बागेला दिले तर सोने आहे. बादली गटारात ओतली तर तेच नत्र नाल्यातून नदीत जाते आणि शेवाळ माजवते. उपाय उत्तमच आहे. तो पुरा व्हायचा असेल तर बादलीनंतरची वाटही आखावी लागेल.

वस्तूवर निकाल देण्याची ही सवय विज्ञानापुरती नाही, संगीतातही तिने आपले नुकसान केले आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला तीन दशके लागली. पेटीवरचा आरोप खरा होता. तिचे सूर ठरलेले असतात, त्यांच्यामधून मींड काढता येत नाही, आणि समान अंतरांवर बांधलेली पट्टी आपल्या श्रुतींशी तंतोतंत जुळत नाही. आरोप खरा असून निष्कर्ष चुकला, कारण साथीला बसलेल्या पेटीने मींड घ्यावी अशी अपेक्षाच नसते. ती गायकाने घ्यायची असते. पेटी गायकाचा आवाज झाकते का, तिचा स्वर त्याच्या स्वराशी मिळवला आहे का, वाजवणारा कुठे थांबायचे जाणतो का, हे खरे प्रश्न होते. महाराष्ट्राने ते रंगभूमीवर, कीर्तनात आणि भजनात स्वतःपुरते सोडवले होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादक-संगीतकाराने पेटीला मैफलीत मान मिळवून दिला होता. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून मूळ उणिवेलाच हात घातला. बंदीने वाद्य थांबवले, पण त्याची उणीव दूर केली नाही. ती दूर झाली वापराचे भान ठेवणाऱ्यांकडून आणि वाद्यात सुधारणा करणाऱ्यांकडून.

रोह्याकडे वळले की साखळीचा आणखी एक गुण दिसतो. तिच्या प्रत्येक कडीवर उभ्या असलेल्या माणसाला तंत्रज्ञानाचा वेगळा चेहरा दिसतो. शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुळशीला धरण बांधून पाणी सह्याद्रीवरून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवले. धरणात जमिनी जाणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला. मुंबईच्या दृष्टीने ती गिरण्यांची आणि दिव्यांची वीज होती. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, म्हणून रोह्याच्या बाजूला नदी उन्हाळ्यातही वाहती राहते आणि कोलाडला तिच्यावर नौकाविहाराचा व्यवसाय चालतो. एकच वीजकेंद्र, आणि मुळशीत बुडणे, मुंबईत उजेड, रोह्यात पाणी, असे त्याचे तीन अर्थ. तिन्ही खरे आहेत. त्याच कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यांनी रोह्याला रोजगार दिला, आणि नदीच्या खालच्या अंगाला मासेमारी व शेती करणाऱ्यांच्या वाट्याला प्रदूषणाच्या तक्रारी आल्या. इथेही ‘रसायन कारखाने नकोत’ आणि ‘विकासाला विरोध करू नका’ ही दोन मते एकमेकांवर आदळत राहतात. सामायिक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची रोजची आकडेवारी काय, पावसाळ्याच्या रात्री झडपा कोण तपासते, आणि ते आकडे गावाला दिसतात का, हे विचारणारे मत जास्त उपयोगी आहे. जे विसर्जनाच्या पाण्याला, तेच सांडपाण्याला लागू आहे. पेणच्या मूर्तिकाराने धाटावकडे बोट दाखवून सुटू नये, आणि धाटावच्या कारखानदाराने तसे बोट दाखवण्याची संधी ठेवू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की सामान्य माणसाने एवढा हिशेब कुठे करायचा? हे तज्ज्ञांचे काम आहे, आणि तज्ज्ञच बोलणार असतील तर लोकांच्या मताला किंमत काय उरली? मला हा आक्षेप उलटा वाटतो. किती, कुठे, नंतर काय, आणि कोणाच्या खर्चाने, हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. घरची बाई धान्याच्या कोठीचा हिशेब याच प्रश्नांवर चालवते. तज्ज्ञाने आकडा द्यावा, पण तो आकडा आपल्या तळ्याला लागू आहे का हे गावच सांगू शकते. तळे किती आटते, पाणी कोण पिते, गाळ कोण उपसते, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते. मूर्ती वाळायला किती दिवस लागतात हे हमरापूरच्या कारागिराला ठाऊक असते, आणि ते ज्ञान धोरणात आले नाही म्हणून तर २०२० नंतरची पाच वर्षे वाया गेली. लोकांचे मत तज्ज्ञाच्या मतात भर घालते, मात्र ते आपल्या कडीवरच्या अनुभवाला धरून असले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंदी सोपी असते, कारखान्याच्या दारात तपासता येते. साखळीचा विचार गुंतागुंतीचा असतो, आणि गुंतागुंतीच्या आड लपून हितसंबंधी माणसे निर्णय लांबवतात. तंबाखू कंपन्यांनी दशकानुदशके हेच केले. ‘अजून संशोधन हवे’ म्हणत त्यांनी माणसे मरू दिली. हा धोका खरा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. जिथे हानी कायमची आहे आणि वस्तूला पर्याय आहे, तिथे बंदीच हवी. शिसेयुक्त रंग मूर्तीवर एक दिवसही नको, हे मी त्याच न्यायाने म्हणतो. पण टाळाटाळ आणि साखळीचा विचार यांतला फरक ओळखण्याची खूण आहे. टाळाटाळ करणारा कोणाचीच जबाबदारी ठरवत नाही. साखळीचा विचार करणारा प्रत्येक कडीवर माणूस, काम आणि तारीख लिहितो. मूर्तिकाराने पाण्यात धोका न करणारे रंग वापरायचे, मूर्तीमागे ती पीओपीची की मातीची याची खूण करायची. नगरपरिषदेने गोळा झालेल्या मूर्तींचे वजन आणि त्यांची विल्हेवाट दिवाळीपूर्वी जाहीर करायची. मोठ्या मंडळाने उंच मूर्ती दरवर्षी नवी न करता जपायची आणि छोट्या मूर्तीचे विसर्जन करायचे. सहा फुटांवरच्या मूर्तींना नैसर्गिक पाण्याची सवलत आणि घरच्या दीड फुटी मूर्तीला तलाव, ही मार्च २०२६ पर्यंतची व्यवस्था मला या कसोटीवर टिकणारी वाटत नाही. माल सगळ्यात जास्त त्या उंच मूर्तीत असतो, आणि तिचा फेरवापर करणेही सगळ्यात सोपे असते.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. विसर्जन हा विधी आहे, त्याला रसायनाच्या तराजूत तोलू नये, असे मनापासून मानणारे लोक आहेत. त्यांचा आदर राखूनच म्हणावेसे वाटते, की आपल्या परंपरेत घरची गणेशमूर्ती मातीची, लहान आणि पाण्यात सहज मिसळणारी होती. विधीमध्येच पाण्याचा विचार गुंफलेला होता. मूर्तीची उंची आणि चकाकी वाढली ती बाजाराच्या आणि मंडळांच्या स्पर्धेत. तिला श्रद्धेचे कवच देणे श्रद्धेवरच अन्याय करणारे आहे. पेण तालुक्यातल्याच गागोद्याला जन्मलेले विनोबा भावे विज्ञान आणि आत्मज्ञान यांची सांगड घालण्याविषयी आयुष्यभर बोलत राहिले. विज्ञान शक्ती देते, ती कुठे वळवायची हे माणसाने ठरवायचे, ही त्यांची भूमिका होती. आजच्या वादाला ती नेमकी लागू पडते. तळ्यातले जीव जपणे भक्तीच्या आड येत नाही, उलट ते भक्तीला शोभून दिसते.

विज्ञानाच्या आणि तंत्रज्ञानाच्या बातम्या यापुढे अधिक वेगाने येत राहतील. एआय नोकऱ्या खाणार की वाढवणार, असा वाद आज चालू आहे. तोही वस्तूवरचाच वाद आहे. त्या यंत्रांना लागणारी डेटा केंद्रे नवी मुंबईत उभी राहत आहेत, त्यांना वीज आणि थंडाव्यासाठी पाणी लागते, ते कोणाच्या वाट्याचे, आणि यंत्राची चूक झाली तर ती कोण निस्तरणार, हे प्रश्न रायगडच्या माणसाने आजच विचारले पाहिजेत. उशीर झाला तर पेणच्या मूर्तिकारासारखी त्याच्यावरही वेळ येईल. आधी सगळ्यांनी तंत्र आनंदाने स्वीकारायचे आणि हिशेब मागायची वेळ आली की शेवटच्या कारागिराला धरायचे. मत बनवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्याबरोबर हिशेब मागण्याची जबाबदारीही प्रत्येकावर आहे. येत्या गणेशोत्सवात मूर्ती कशाची घेतली हे शेजाऱ्याला जरूर सांगावे. पण दिवाळीच्या आत आपल्या नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी विचारावे, की तलावात किती मूर्ती आल्या, त्यांचे वजन किती भरले, आणि त्या आज कुठे आहेत. या तीन प्रश्नांचे उत्तर मिळू लागले, तर शाडू की पीओपी हा वाद अर्ध्याहून अधिक आपोआप मिटेल.